चित्र कशाचं होतं?

सातारा जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावाहून एका आईचं चार पानी पत्र आलं आहे. त्यांची मुलगी नववीत आणि मुलगा आठवीत, दोघं एकाच शाळेत. यंदा मुलाची एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी निवड झाली. गल्लीतल्या मंडळानं चौकात फ्लेक्स लावला, शाळेत आणि नंतर समाजाच्या मेळाव्यात शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन दिवस अभिनंदनाचे मेसेज येत होते. त्याच सुमारास मुलीला इंटरमिजिएट ड्रॉइंग या शासकीय चित्रकला परीक्षेत ‘ए’ ग्रेड मिळाली आणि तालुक्याच्या चित्रकला स्पर्धेत तिचा दुसरा क्रमांक आला, ५०१ रुपये बक्षीस. वडील म्हणाले, “चला, दहावीला सात मार्क पक्के.” आत्या म्हणाली, “छंद म्हणून छान आहे.” मुलीनं प्रमाणपत्र जुन्या वह्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं आणि आईला सांगितलं, “मम्मी, माझं स्टेटस ठेवू नकोस.” तेव्हापासून तिनं ब्रश हातात घेतलेला नाही. वडिलांचं म्हणणं, भावाबद्दलची असूया आहे, लक्ष दिलं नाही की जाईल. आणि पुढच्या स्पर्धेत पहिली आली तर टॅब घेऊन देतो असं त्यांनी तिला सांगितलंय. आईचा प्रश्न असा, की तिचाही फ्लेक्स लावावा का? घरी एखादा कार्यक्रम करावा का? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: “मुलगा मात्र खूश आहे, फक्त हल्ली खेळायला जात नाही, अभ्यासालाच बसतो.”

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. मुलाच्या फ्लेक्सवर कुणाकुणाचे फोटो होते ते त्यात आहे. शाल कुणाच्या हस्ते मिळाली ते आहे. मुलीच्या बक्षिसाची रक्कम आहे, पाकीट कुणी दिलं तेही आहे. पण ज्या चित्राला ते बक्षीस मिळालं ते चित्र कशाचं होतं, हे चार पानांत कुठंच नाही.

तुम्हाला टोचावं म्हणून हे लिहीत नाही. मी बत्तीस वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं, आणि आमच्या गुणगौरव समारंभात आम्हीही हेच करत आलो. माइकवरून ‘चित्रकला स्पर्धा, द्वितीय क्रमांक’ असं वाचायचं, मूल स्टेजवर यायचं, ट्रॉफी घ्यायचं, फोटोपुरतं थांबायचं आणि खाली उतरायचं. ते चित्र त्या वेळी ऑफिसातल्या कपाटावर गुंडाळून ठेवलेलं असायचं. म्हणून तुमच्या पत्रातली ही गाळलेली जागा मला लगेच दिसली.

आधी असूयेबद्दल बोलू. तुमचे मिस्टर म्हणतात त्यात थोडं तथ्य असेलही. वर्षा-दीड वर्षाच्या अंतरानं वाढलेल्या भावंडांत ते असतंच. पण तिनं काय मागितलं ते बघा. ‘त्याचा फ्लेक्स उतरवा’ असं ती म्हणाली नाही. ‘माझाही सत्कार करा’ असंही म्हणाली नाही. ती म्हणाली, माझं स्टेटस ठेवू नकोस. भावाच्या वाट्याचं हवं असतं तर ती असं बोलली नसती. मला तिच्या बोलण्यात असं ऐकू येतं, की माझ्या चित्राची बातमी करू नका, कारण त्या बातमीत माझं चित्र नसतंच. माझा अंदाज चुकीचाही असेल. तुम्ही तिला विचारू शकता, मी इथून विचारू शकत नाही. मात्र लक्ष न देण्याचा उपाय करू नका. त्यानं तिचं बोलणं बंद होईल, आणि घरातल्यांना वाटेल की असूया गेली.

आता ते सात मार्क. इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला दहावीत ७ वाढीव गुण मिळतात, बी ग्रेडला ५ आणि सी ग्रेडला ३. त्यासाठी शाळेमार्फत दहावीच्या बोर्डाकडे प्रस्ताव जातो, म्हणून ते प्रमाणपत्र वह्यांखालून काढून फाइलमध्ये नीट ठेवा, एवढी व्यवहाराची गोष्ट आधीच सांगून टाकते. मार्कांचा आनंद मानण्यात काहीच वावगं नाही. काटकसरीनं चालणाऱ्या घरात बापाला पहिल्यांदा मार्क आठवले तर त्याला मी नावं ठेवणार नाही. अडचण एवढीच, की त्या वाक्यानंतर दुसरं वाक्य आलं नाही.

ते दुसरं वाक्य यावं म्हणून तुम्हाला ही परीक्षा जरा जवळून दाखवते. कला संचालनालयाची ही शासकीय रेखाकला परीक्षा. आधी एलिमेंटरी पास व्हावं लागतं, मग इंटरमिजिएट. दोन दिवसांत चार पेपर: स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि चौथा भूमिती-अक्षरलेखनाचा. त्यातल्या स्थिरचित्राच्या पेपरला मुलं काय करतात ते बघा. मधोमध टेबलावर कापड टाकून मांडणी केलेली असते. समजा एक तांब्या, शेजारी दोन वांगी, एक वाटी. मुलं भोवतीनं बसतात, त्यामुळे प्रत्येकाला तीच मांडणी वेगळी दिसते. एकाच्या वाट्याला तांब्याची चकाकणारी बाजू येते, दुसऱ्याच्या वाट्याला नुसतीच सावली. एक डोळा मिटून, हात लांब करून पेन्सिलीवर माप घ्यायचं. तांब्याचं तोंड गोल असतं हे आपल्याला माहीत असतं, पण बसल्या जागेवरून ते दिसतं लंबगोल. माहीत असलेला गोल बाजूला ठेवून दिसणारा लंबगोल काढणं, हे जमायला मुलांना कित्येक महिने लागतात. मोठ्या माणसांना सांगून बघा, निम्म्यांहून जास्त जण गोलच काढतील. मग रंग. जलरंगात तांब्यावरची चकाकी शक्यतो पांढऱ्या रंगानं आणत नाहीत, तेवढा कागदच कोरा राखतात. म्हणजे पहिला ब्रश टेकवायच्या आधी, शेवटी कुठं हात लावायचा नाही हे ठरवून ठेवावं लागतं. कापडाच्या घड्या, वांग्याच्या जांभळ्यावर पडलेला खिडकीचा उजेड, टेबलावर पडलेली सावली, हे सगळं घड्याळाकडे बघत.

तुमच्या मुलीला हे ए ग्रेड मिळण्याइतकं जमलं. आणि ते कागद तपासायला जातात, मुलांच्या हाती परत येत नाहीत. तिच्याकडे उरलं ते फक्त प्रमाणपत्र, आणि घरात त्याचे झाले सात मार्क. मी तिच्या जागी असते तर मीही ते वह्यांखाली ठेवलं असतं.

तुम्ही विचारलंत, तिचाही फ्लेक्स लावावा का. तुमचा हेतू मला कळतो. दोघांना सारखं द्यायचं, म्हणजे कुणाला कमी पडल्यासारखं वाटणार नाही. पण तिनं स्पष्ट शब्दांत नको म्हटलेलं असताना ते केलं, तर तो सत्कार तिचा राहणार नाही, तुमच्या मनातल्या रुखरुखीचा होईल. चौदा वर्षांच्या मुलीचं पूर्ण नाव, फोटो, शाळा आणि गाव चौकात टांगायला तिची संमती हवीच, आणि ती नाही. शिवाय अशा फ्लेक्सवर मुलापेक्षा शुभेच्छुकांचे फोटो जास्त जागा घेतात, हे मुलांच्याही लक्षात येतं. मुलाचा फ्लेक्स लागला म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. मंडळाच्या पोरांनी प्रेमानं लावला, ठीक आहे. तो उतरवायची किंवा मुलाचं कौतुक कमी करायचीही गरज नाही. तसं केलंत तर दोघांनाही वाटेल की घरात कौतुक शिधावाटपासारखं मोजून मिळतं.

टॅबबद्दल मात्र मी तुमच्या मिस्टरांना थांबायला सांगेन. १९७३ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. स्केच पेननं चित्रं काढायला ज्यांना मुळातच आवडत होतं अशी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबिन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक तेच दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात तेच स्केच पेन नुसते मांडून ठेवले, तेव्हा आधी कबूल करून प्रशस्तिपत्र मिळालेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. ज्यांना ते अचानक मिळालं होतं त्यांची आवड कमी झाली नाही. ती मुलं तीन ते पाच वर्षांची होती, तुमची मुलगी नववीत आहे, त्यामुळे जसंच्या तसं लागू करू नका. पण जिनं ब्रश आधीच खाली ठेवलाय, तिच्यासमोर ‘पहिली आलीस तर’ ही अट ठेवण्यात मला धोका दिसतो. टॅब अभ्यासाला किंवा चित्रांना लागणार असेल आणि परवडत असेल तर सवडीनं घ्या. त्याचा नंबराशी संबंध जोडू नका.

तिनं ब्रश ठेवला याची तुम्ही फार धास्ती घेतलीय, पण परीक्षेआधी कित्येक महिने रोज सराव केल्यावर मुलं थोडे दिवस कागदाकडे बघतही नाहीत. तो नुसता शीणही असू शकतो. म्हणून ‘चित्र का काढत नाहीस’ असं रोज विचारू नका.

आता तुमच्या त्या शेवटच्या ओळीकडे येते. खरं सांगायचं तर मला मुलीपेक्षा त्या ओळीची काळजी वाटली. मुलगा खूश आहे, फक्त खेळायला जात नाही. तेरा वर्षांचा मुलगा खेळ सोडून बसतो तेव्हा तो खूशच आहे असं आपण का धरून चालतो? एवढ्या लोकांनी ‘हुशार, हुशार’ म्हटल्यावर, आता एखादं गणित चुकलं तर काय, ही भीती त्याच्या मनात आली असेल. १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. सोपी कोडी सुटल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ म्हटलं. पुढे अवघड कोडी दिल्यावर हुशार म्हटलेली मुलं लवकर कंटाळली, आणि त्यानंतरच्या कोड्यांत त्यांचे गुण आधीपेक्षा खाली आले. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं टिकून राहिली.

त्याला एक गोष्ट तुम्ही दोघांनी शेजारी बसून सांगा. ही शिष्यवृत्ती केंद्र सरकारनं २००८ साली सुरू केली ती आठवीनंतर बेताच्या उत्पन्नाच्या घरांतली मुलं शाळेतून गळू नयेत म्हणून. नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. पुढे ती चालू राहायला दहावीला ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सवलत आहे. पहिला नंबर कुठंही मागितलेला नाही. हे आकडे त्याला खरोखर सांगा, त्यानं मनावरचं ओझं बरंच उतरेल. दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं, ते काम तुमचं, ते लक्षात ठेवा. आणि संध्याकाळी त्याला मैदानावर पाठवा, सुरुवातीला हाताला धरून पाठवायला लागलं तरी.

मुलीसाठी काय करायचं, याचं माझं उत्तर साधं आहे. तिची चित्रं बघा. तिच्या सरावाचे कागद घरात कुठंतरी असतीलच, कपाटावर, पलंगाखाली. तिला विचारून ते खाली काढा. ‘सगळ्यांना दाखवू’ असं म्हणू नका, ‘मला बघायचेत’ म्हणा. ती नाही म्हणाली तर आठ दिवस थांबा आणि पुन्हा विचारा. बघायला बसलात की ‘वा, छान’ म्हणून पुढचा कागद उचलू नका. एका कागदावर थांबा. सगळ्यात जास्त कुठं अडलीस? ही सावली निळी का केलीस? हा पहिला तांब्या आणि हा शेवटचा, मधे किती दिवस गेले? तुम्हाला चित्रातलं कळत नसलं तरी हे प्रश्न विचारता येतात, उलट कळत नसेल तर जास्त मनापासून विचारता येतात. तुम्ही रोज तो तांब्या घासता, त्याची पोचे पडलेली बाजू तुम्हाला तिच्याहून चांगली माहीत आहे, तेही बोला.

त्यातून तिला वाटलं तरच पुढचं. बाहेरच्या खोलीत एक दोरी बांधा, कपडे वाळत घालायचे चिमटे लावा आणि तिनं निवडलेली चार-पाच चित्रं टांगा. कुणाला बोलवायचं तेही तिलाच ठरवू द्या: आजी, एक-दोन मैत्रिणी, चित्रकलेचे सर किंवा बाई. चहा-पोहे पुरेत. त्याच संध्याकाळी भावाला सांगा, की बुद्धिमत्तेच्या पेपरातला तुला सगळ्यात जास्त छळलेला प्रश्न आम्हा सगळ्यांना घाल. आजीपासून सगळ्यांनी सोडवायला बसायचं. त्याच्याही सत्कारात त्या पेपराबद्दल त्याला कुणी एक शब्द विचारलेला नाही, हे विसरू नका.

स्पर्धेतलं चित्र आयोजकांकडेच राहिलं असेल तर तिला घेऊन जा आणि परत मागा. देत नसतील तर निदान दिवसाच्या उजेडात त्याचा नीट फोटो काढून आणा. इतर पालकांसाठीही सांगते, चित्र स्पर्धेला द्यायच्या आधीच फोटो काढून ठेवावा आणि मागच्या बाजूला नाव-इयत्ता लिहावी. ५०१ रुपये तिचे आहेत, ती रंग आणेल नाहीतर मैत्रिणींबरोबर पाणीपुरी खाईल, विचारू नका. तिच्या रंग-कागदाचा खर्च भावाच्या शिष्यवृत्तीतून मात्र काढू नका. ते पैसे त्याच्या खात्यावर त्याच्या शिक्षणासाठी येतात, आणि तिनं त्याचं देणं लागावं असं काही घरात निर्माण करू नये.

आत्याबाईंशी वाद घालायची गरज नाही. फक्त त्यांना खोडून काढायच्या भरात ‘ती पुढे मुंबईला जे. जे.ला जाणार आहे’ असं जाहीर करून टाकू नका. १८५७ पासून सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे, राज्यात इतरही कला महाविद्यालयं आहेत, दहावी-बारावीनंतर तिकडे जायचे रस्ते आहेत, हे तुम्हाला माहीत असू द्या आणि तिनं विचारलं तर सांगा. तिनं अजून विचारलेलं नाही.

तुमच्या मिस्टरांशी बोलताना ‘तुमच्यामुळे ती दुखावली’ इथून सुरुवात करू नका. त्यांना ती चित्रं बघायला बसवा. माझा अनुभव आहे की कामावरून थकून आलेला माणूससुद्धा पोरीनं काढलेल्या स्वतःच्या घरातल्या स्टोव्हच्या किंवा सायकलच्या चित्रापुढे थांबतो.

हे पत्र वाचणाऱ्या शिक्षकांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांनाही एक सांगायचंय. आमच्या शाळेतल्या एका मुलीनं वक्तृत्व स्पर्धेत जिल्ह्यात पहिला नंबर मिळवला होता. गुणगौरवाला तिला शाल मिळाली, ट्रॉफी मिळाली, पाहुण्यांचं पाऊण तास भाषण झालं. दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाली, “बाई, माझं भाषण आपल्या शाळेत कुणीच ऐकलं नाही.” त्या वाक्यानं मला आजही अस्वस्थ होतं, कारण कार्यक्रमाची आखणी माझी होती. पुढच्या वर्षी आम्ही पाहुण्यांचे हार-तुरे एकदमच आटोपले आणि प्रत्येक मुलाला दोन मिनिटं दिली. चित्रं स्टेजच्या बाजूला लावली, नावाच्या पट्टीसकट, आणि ती काढणारं मूल शेजारी उभं केलं. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत पदक मिळवलेला नववीचा मुलगा होता. त्या स्पर्धेत लेखी, प्रात्यक्षिक, प्रकल्प, मुलाखत असं सगळं पार करावं लागतं. एरवी आम्ही ‘रौप्यपदक’ एवढंच वाचलं असतं. त्यानं आपला प्रकल्प सांगायला सुरुवात केली आणि मागच्या रांगेतले, आमच्या मते वांड असलेले दोघं जण उठून पुढे येऊन बसले. कार्यक्रम वीस मिनिटं लांबला. एकाही पालकानं तक्रार केली नाही.

मंडळाला पुढच्या वर्षी फ्लेक्स लावायचाच असेल तर तो खर्च शाळेला ड्रॉइंग बोर्डांसाठी किंवा विज्ञानाच्या साहित्यासाठी देता येईल का, एवढं तुम्ही सुचवून बघा. मंडळातली बरीच पोरं त्याच शाळेतली असतील.

ताई, मला पुन्हा लिहा. सगळं मार्गी लागलं की नाही ते सावकाश कळवा, त्याची घाई नाही. आधी एका पोस्टकार्डावर एवढंच कळवा, की तालुक्याच्या स्पर्धेत तिनं काय काढलं होतं, आणि त्यात कुठले रंग होते. ते मात्र तिला विचारूनच लिहा.